ओळखीचा इसम

सरकारी तपासणी चुकवणारी माणसं मी नोकरीत खंडीभर पाहिली. तपासणी व्हावी म्हणून आपल्या पायांनी कचेरीत येऊन बसणारा माणूस मात्र एकच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी साडेदहाला, म्हणजे आमच्यातले निम्मे लोक यायच्या आत, ते भिवंडीच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर हजर असत. पांढरा लेंगा, उजव्या घोट्याशी सायकलची क्लिप, वर खाकी शर्ट आणि काखेत लाल फडक्यात बांधलेली जाड वही. माझी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की ते उठत, वही टेबलावर ठेवत आणि म्हणत, “ताई, तपासा.”

गावात त्यांना जहरकाका म्हणत. खरं नाव वहीच्या पहिल्या पानावर होतं, पण ते वाचायची गरज माझ्याशिवाय कोणाला पडली नाही, आणि मीही ते इथे लिहीत नाही. ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. मी नवी कारकून होते. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेली पहिलीच, त्यामुळे खुर्चीत जरा जास्तच ताठ बसायचे. विषविक्रीच्या परवान्यांची फाइल कोणालाच नको असे, म्हणून ती नव्या माणसाच्या गळ्यात पडे. परवाने ठाण्याहून मिळत, कागद आमच्या टेबलावरून जात. बाकीचे परवानेदार वर्षातून एकदा उगवत आणि वर्षभराच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने करून आणत. आम्हीही तितक्याच निमूटपणे सही करत असू.

काकांचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, दीड माणूस उभा राहील एवढी जागा, आणि मागे एक खोली, तिथेच ते एकटे राहत. उंदीर मारायची काळी पूड, सोनारांना लागणारं सायनाइड, कसले कसले अ‍ॅसिड, आणि सायझिंगवाल्यांसाठी, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्यांसाठी, मोरचूद, कारण सुताच्या खळीला बुरशी धरू नये म्हणून ते त्यात घालतात. मोरचूद विषाच्या यादीत धरायचं की नाही, यावर त्यांचा आणि आमच्या अव्वल कारकुनांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, कायमचा वाद. भाऊसाहेब म्हणत, नका हो लिहू, आमची पानं वाचवा. काका म्हणत, “माणूस मेला, तर यादीत नसलेल्या विषाने मेला, असं मी कोणाला सांगू?” आणि लिहीत.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. नियम असा, की विष घेणाऱ्याचं नाव, पत्ता, किती घेतलं, कशासाठी घेतलं हे लिहून सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि घेणारा विक्रेत्याच्या ओळखीचा असला पाहिजे. आता भिवंडीत ओळखीचा माणूस आणायचा कुठून? अर्धं गाव बाहेरून लूमवर कामाला आलेलं. आज कामतघरला, उद्या गावाला, परवा दुसऱ्याच कारखान्यात. बाकीचे दुकानदार त्या रकान्यात डोळे मिटून ‘ओळखीचा’ लिहीत. काकांनी तो शब्द मनावर घेतला.

“ओळखीचा म्हणजे काय, ते कायद्यात कुठं सांगितलेलं नाही,” त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं. “भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. मग मी ठरवलं. ज्याच्या घरी मी पाणी प्यालो, तो माझ्या ओळखीचा.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण वही उघडली तर रकाना गच्च भरलेला. ‘यांचे घरी पाणी घेतले. माठ दारामागे. मुले तीन. फळी उंच.’ पुढची ओळ, ‘यांचे घरी पाणी घेतले. म्हातारीस दिसत नाही, बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवण्यास सांगितले.’ कोणी दहा रुपयांची उंदराची पूड मागायला आलं, की हे महाशय दुकानाला कुलूप लावून सायकलवर टांग टाकत आणि त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीवर जात. तिथे बसत, पाणी मागत, पिऊन घर बघत, आणि मग परत येऊन माल देत. पडघ्याच्या पुढचं गिऱ्हाईक असलं तर रविवारी जात. अर्धी गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे पळत, पण काकांना त्याचं काही नव्हतं.

“पाणी मागितलं की घर कळतं,” ते म्हणायचे. “कोण उठतं, कोण उठत नाही, कोण कोणाकडे बघत नाही.” एकदा एका घरात पाणी आणून देणाऱ्या बाईचे डोळे सुजलेले होते आणि घरातलं कोणी तिच्याकडे मान वळवत नव्हतं. पाणी पिऊन काकांनी तांब्या ठेवला आणि माल संपलाय म्हणून सांगितलं. वहीत लिहिलं, ‘पाणी घेतले. विक्री नाही.’ मी विचारलं, विक्रीच नाही तर नोंद कशाला? ते म्हणाले, “ओळख तर झाली ना.”

दुसरं वेड चिठ्ठ्यांचं. प्रत्येक बाटलीवर ते लाल शाईने मराठीत विष लिहीत, हिंदीत जहर, मग उर्दूत, मग तेलुगूत. ती अक्षरं त्यांनी त्या त्या भाषेच्या गिऱ्हाइकांकडून लिहून घेऊन गिरवली होती. तरी त्यांचं समाधान होईना. ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? दिवे गेले तर काय? म्हणून बाटलीच्या गळ्याला लूमचा सुती दोरा, आणि त्या दोऱ्याला शेजारी शेजारी तीन गाठी. माल देताना गिऱ्हाइकाचं बोट धरून त्या गाठींवरून फिरवत आणि म्हणत, “डोळे मिट. लागल्या तीन? लागल्या, तर हात मागं घ्यायचा.” विष वाईट नसतं, बिनखुणेचं विष वाईट, असं त्यांचं मत होतं.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये उंदीर झाले तेव्हा पूड आणायची जबाबदारी माझ्यावर आली. भाऊसाहेबांनी हसत हसत माझं नाव पुढे केलं. काकांनी कागद पाहिला, चष्मा काढला. “सरकारी काम असलं तरी सही तुमची, ताई. घरी यावं लागेल.”

माझं घर पडघ्याच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. मी रोज तिथून एस.टी.ने ये-जा करायचे. रविवारी भर दुपारी हे सायकलवरून आले. चेहरा लालबुंद झालेला. मी ओशाळून उभी. आई दारात आली. मी म्हटलं, आये, हे आमच्या कचेरीत येतात, पाणी दे.

“आमच्याकडचं चालंल तुमाला?” तिने विचारलं.

“त्यासाठीच तर आलो,” काका म्हणाले.

आधीच लख्ख असलेला पितळी तांब्या आईने पुन्हा घासला. काका दोन तांबे पाणी प्याले. आई समोर खाली बसली आणि मला कधी न सांगितलेलं एका परक्या माणसाला सांगत सुटली. ती लहान असताना गावच्या विहिरीवर त्यांना हात लावू देत नसत. वरच्या आळीची बाई वरून पाणी ओतायची, हिने खाली ओंजळ धरायची. मनात आलं तर ओतायची, नाहीतर उन्हात बसवून ठेवायची. “म्हून कोनी आपल्याकडं पानी मागितलं ना,” आई म्हणाली, “का मला बरा वाटतं.”

काकांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, “माई, मी हजार घरचं पाणी प्यालो असेन. माझ्याकडे अजून कोणी प्यालेलं नाही.”

“का?”

“जहर विकतो ना. दुकानात येतात, उभ्याने माल घेतात. हात धुतात आणि जातात. शेजारची माणसंसुद्धा सणाचं ताट घेत नाहीत माझ्याकडून. विषवाल्याच्या घरातलं पाणी कोण पिणार?”

“माजी पोर येल,” आई म्हणाली. मला न विचारता. “ती पिल तुमच्या घरचं.”

वहीत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, ‘यांचे घरी पाणी घेतले. आईने दिले.’

त्यानंतर महिन्याभरातच दुकानांची वार्षिक तपासणी निघाली. नायब तहसीलदार, भाऊसाहेब आणि मी. काकांनी दुकान झाडून पुसून ठेवलं होतं. कुलपाची पेटी, वह्या, चिठ्ठ्या, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. तपासणी संपल्यावर त्यांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. कोपऱ्यात तिवईवर माठ होता. माठावर कागद चिकटवलेला, चार भाषांत: पिण्याचे पाणी. माठाच्या गळ्यालाही दोरा होता.

“हात लावून बघा,” काका मला म्हणाले. “गाठ नाही.”

तिवईवर ताटलीत स्टीलचे सहा पेले पालथे मांडलेले. नवे कोरे. प्रत्येकावर कंपनीचा कागद तसाच. “कागद मुद्दाम ठेवलाय,” ते म्हणाले, “तुमच्यासमोर काढीन, म्हणजे खात्री.”

नायब साहेबांचा उपास निघाला. उपासाला पाणी चालतं, पण ते कोणी बोललं नाही. भाऊसाहेब आत्ताच चहा पिऊन आले होते. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोट एका पेल्याच्या कागदाखाली गेलेलं होतं.

मला भीती वाटली. खरं तेच सांगते. वास येत होता त्या खोलीला, अ‍ॅसिडचा की कसला, आणि मला वाटलं, माठ कितीही वेगळा असला तरी हात तेच. मी म्हटलं, “माझा घसा बसलाय काका. गार नको. पुढच्या वेळी नक्की.”

“असू द्या, असू द्या,” ते म्हणाले आणि कागदाचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून परत बसवलं.

घरी गेल्यावर आईने विचारलं, प्यालीस का? मी म्हटलं, प्याले. ज्या बाईने उन्हात ओंजळ धरून वाट पाहिली होती, तिच्या पोटची मी. एका म्हाताऱ्याला पेला धरून उभं ठेवून आले, आणि वर तिच्याशी खोटं बोलले. पुढल्या वर्षी माझ्याकडे दुसरं निमित्त होतं, त्याच्या पुढल्या वर्षी तिसरं. पेले तेच, कागद तेच. काका दर वेळी असू द्या म्हणत.

मग कामतघरचं प्रकरण झालं. चाळीतली एक बाई घरी बसून कापडाचे तागे साफ करायची. मांडीवर कापड घ्यायचं आणि चिमट्याने त्यातल्या गाठी आणि सुटे धागे काढायचे, हे तिचं काम. दिवसभर तेच. तिने काकांकडून उंदराची पूड घेतली. काका रीतसर तिच्याकडे पाणी प्याले, त्यांनी तिचं बोट गाठींवरून फिरवलं. बाटली कोनाड्यात गेली. छपराच्या ओलीने कागदी चिठ्ठी गळून पडली. आणि एक दिवस सकाळी तिचा दीर रात्रपाळीहून आला आणि काळं दंतमंजन समजून ती पूड त्याने तळहातावर घेऊन दातांना लावली. वासाने थुंकला म्हणून वाचला, तरी दोन दिवस सरकारी दवाखान्यात ओकत होता. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, आणि दोऱ्याला एकही गाठ नव्हती.

परवान्याच्या सुनावणीला ठाण्याहून साहेब आले, त्या दिवशी काका सकाळपासून बाकावर होते. मी जवळून जाताना हळूच म्हणाले, “ताई, दुकान गेलं तर जाऊ दे. पण परवाना गेला तर मी कोणाकडे कुठल्या कामाने जाऊ? बिनकामाचं कोणाच्या दारात उभं राहता येत नाही मला.” मी म्हटलं, काही होणार नाही. मला काहीच ठाऊक नव्हतं.

साहेबांसमोर ती बाई आली. पदर घट्ट धरून उभी राहिली. “साहेब, यांची चूक न्हाय. गाठी व्हत्या. मीच काढल्या.”

“का काढल्या?”

“मुद्दाम न्हाय काढल्या. शेजारनीशी बोलत बसले व्हते, बाटली हातात व्हती. गाठ लागली का बोट आपोआप काढतंय. सवय हाय हाताला.” तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांना चिमट्याने घट्टे पडले होते.

साहेब समज देऊन सोडायच्या बेतात होते. काकांनीच हात वर केला. “चूक माझी आहे, साहेब. मी हिच्या घरी पाणी प्यालो. मांडीवर तागा होता, चिमटा होता, मी बघितला. जिचं पोट गाठी काढण्यावर चालतं, तिला मी गाठीची खूण दिली. म्हणजे मी घर बघितलं आणि ओळखलं नाही.” हे सगळं लेखी जबाबात आलं. आता साहेबांचाही इलाज नव्हता. परवाना सहा महिने बंद.

सहा महिन्यांनी तो परत मिळाला, तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं. आणि कोणी आलंच, तर काका घरी येतो म्हणाले की गिऱ्हाइकाला ते प्रकरण आठवे आणि ते निघून जाई. पहिल्या सोमवारी काका बाकावर असायचेच. लाल फडकं सोडत, वही उघडत. महिन्याच्या पानावर एकच शब्द, ‘निरंक’. मी सही करायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा निरंक, पुन्हा सही. एकदा म्हणाले, “आता गाठी सोडल्या मी. घुंगरू बांधतो. घुंगरू कोणी काढत नाही.” मी म्हटलं, चांगली कल्पना आहे. दुसऱ्या एका सोमवारी बाकावरून उठताना म्हणाले, “ताई, वर्ष होत आलं. कोणाच्या घरचं पाणी नाही प्यालो.” मी शिपायाला कचेरीतलं पाणी आणायला सांगितलं. ते पाणी प्याले आणि आभार मानून म्हणाले, “पण हे घरचं धरत नाहीत.”

माझी बदली ठाण्याला झाली तेव्हा मी त्यांच्या दुकानी निरोप घ्यायला गेले नाही. गेले असते तर माठ होताच तिथे.

नव्वदनंतर काही वर्षांनी मी अव्वल कारकून होऊन परत भिवंडीत आले. वडप्याला शेतांच्या जागी गोदामं उठली होती. उंदराच्या विषाच्या पुड्या किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांशेजारी माळेने टांगलेल्या असत, कोण घेतो कोणी विचारत नव्हतं. विषाच्या परवान्यांची फाइल मी मागवली. काकांच्या वह्या होत्या. प्रत्येक महिन्याला निरंक, खाली माझ्या जागी आलेल्यांच्या सह्या. मी येऊन तीन सोमवार गेले, महिन्याचा पहिला सोमवार अजून यायचा होता. बाक रिकामाच दिसला, आणि मी कामात होते. आई मधल्या काळात गेली होती. आपली पोर प्याली, असंच समजून गेली.

चौथ्या आठवड्यात निरोप आला, की ते झोपेतच गेले. दोन दिवस दार उघडलं नाही तेव्हा कळलं. नातेवाईक कोणी सापडेना. हजार घरांची ओळख त्या माणसाकडे होती, पण त्यांचं गाव कुठलं, हे गल्लीत एकाला सांगता आलं नाही. परवानेदार मेला की शिल्लक विष ताब्यात घ्यावं लागतं, म्हणून पंचनाम्याला नवे नायब साहेब आणि मी गेलो. दोन पंच हवे होते. शेजारचा शिंपी तयार झाला. दुसरं कोणी आत यायला धजेना, तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे आली. केस पिकलेले, पण चिमट्याचे घट्टे पडलेली ती बोटं मी ओळखली. “मी व्हते पंच,” ती म्हणाली.

नायब साहेब नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातच थांबले. मी पेटीचं कुलूप उघडलं. बाटल्या एक एक करून बाहेर काढायला लागलो आणि खोलीभर घुंगरू वाजायला लागले. प्रत्येक बाटलीला दोन, गळ्याशी घट्ट बांधलेले. शिंपी सांगत होता, मी लिहीत होते. बाई प्रत्येक बाटली हलवून बघायची आणि मगच खाली ठेवायची.

आतल्या खोलीत तिवई तिथेच होती. माठ कोरडा पडलेला. चिठ्ठी पिवळी झाली होती, पण चारही भाषांतली अक्षरं शाबूत. मी माठाच्या गळ्याच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. ताटलीत सहा पेले पालथे होते. वर फडकं टाकून, धूळ लागू न देता ठेवलेले. सहाहींवर कागद. एकाच्या कागदाचं टोक जरासं उचकटलेलं होतं.

मी तो पेला उचलला आणि उरलेला कागद नखाने काढला. इतक्या वर्षांचा डिंक, निघता निघेना. मग मोरीतल्या नळाखाली पेला धुतला आणि भरला.

“मॅडम,” नायब साहेब उंबऱ्यातून म्हणाले, “इथलं काही पिऊ नका.”

मी प्याले. पाणी कोमट होतं, नळाला असतं तसंच. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. बाईने माझ्या हातून पेला घेतला, पुसला आणि बाकीच्या पाचांशेजारी पालथा ठेवला.

पुढचा जिन्नस काय, म्हणून शिंप्याने विचारलं. मी पेन उचललं आणि लिहिलं: स्टीलचे पेले, नग सहा. पैकी पाच न वापरलेले.